रुपयातील आण्यांचा हिशेब : गावातील आर्थिक अंतर कसे मोजावे

ग्रामसभेपुढे वर्षाचा अहवाल वाचला जातो, तेव्हा त्यात एक वाक्य बहुधा असतेच : गावाचे उत्पन्न वाढले. सोयाबीनचा उतारा, कपाशीची विक्री, दुधाचे संकलन, नव्या विहिरी, ठिबक संच या सर्वांचे आकडे त्या वाक्याच्या आधाराला दिलेले असतात. हे वाक्य खोटे असते असे नाही. तथापि सभेच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या सालदाराला किंवा निंदणी-वेचणीवर पोट भरणाऱ्या बाईला ते आपल्या घरचे वाटत नाही. अहवाल लिहिणाऱ्याचे म्हणणे खरे की शेवटच्या रांगेतल्या माणसाचे, असा वाद घालण्यात अर्थ नसतो. कारण पुष्कळदा दोघांचेही म्हणणे खरे असते. अहवाल सरासरी सांगतो. शेवटची रांग वाटा विचारते. या दोन निराळ्या गोष्टी असून दुसरी मोजण्याची रीत ग्रामपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला अवगत असणे जरूर आहे.

जरूर अशासाठी की, विस्तारकार्याचा ओघ स्वभावतः उताराकडे वाहतो. विहिरीसाठी साहाय्य घ्यावयाचे तर आधी जमीन पाहिजे. ठिबक संचासाठी जमीन पाहिजे, पाणी पाहिजे आणि अनुदान हाती पडेपर्यंत पदरचे पैसे गुंतविण्याची ऐपत पाहिजे. ज्याच्याजवळ हे आहे त्याला लाभ देणे सोपे जाते, लक्ष्यही वेळेवर पुरे होते. कार्यकर्ता प्रामाणिकपणे राबत असतो आणि त्याच्याच हातून गावातील अंतर वाढत असते, असे घडू शकते. ते घडते आहे की नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही.

बुलढाणा जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला मोठा भाव आला आणि खामगावची बाजारपेठ भरभराटीस चढली. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत खास कापसाच्या वाहतुकीसाठी लोहमार्गाचा फाटा सुरू झाला. तो व्यापार गाठींत मोजला जाई. गाठींच्या आकड्यावरून खामगावचे वैभव कळते. कापूस पिकविणाऱ्याच्या आणि वेचणाऱ्याच्या घरी त्यातले किती पोचले, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

दहा घरांचे उदाहरण

रीत समजण्यासाठी एक काल्पनिक गाव घेऊ. गावात दहाच घरे आहेत असे समजावे. प्रत्येक घराचे वर्षाचे उत्पन्न रुपयांत न मांडता, त्या रुपयांत किती क्विंटल ज्वारी आली असती या हिशेबाने मांडू. पहिल्या मोजणीत सर्वांत गरीब घरापासून चढत्या क्रमाने आकडे असे आले : ६, ७, ८, ९, १०, १२, १३, १५, ३० आणि ५०. एकूण १६० क्विंटल, म्हणजे घरटी सरासरी १६.

आता या १६० क्विंटलांस एक रुपया माना आणि त्याचे सोळा आणे करा. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणा व्यवहारातून गेला हे खरे. परंतु पिकाच्या पैसेवारीला जुनी माणसे अजूनही आणेवारीच म्हणतात, म्हणून हे माप आपल्या लोकांना पटकन उमजते. खालच्या पाच घरांची बेरीज ४०, म्हणजे चार आणे. मधल्या तीन घरांची बेरीज ४०, म्हणजे आणखी चार आणे. वरच्या दोन घरांकडे ८०, म्हणजे उरलेले आठ आणे.

दहा वर्षांनी पुन्हा मोजणी केली. आकडे आले : ७, ८, ९, १०, ११, १८, २०, २२, ५० आणि ८५. एकूण २४०, सरासरी २४. सरासरी दीडपट झाली. कोणत्याही पायरीवरील उत्पन्न कमी झाले नाही. खालच्या पाचही पायऱ्या एकेक क्विंटलाने वर सरकल्या. अहवालात हे सर्व अभिमानाने लिहिता येईल. पण आणे मोजून पाहा. खालच्या पाच घरांची बेरीज ४५. २४० चे ते तीन आणे होतात. मधल्या तिघांकडे ६०, म्हणजे पूर्वीप्रमाणेच चार आणे. वरच्या दोघांकडे १३५, म्हणजे नऊ आणे. खालच्या अर्ध्या गावाचा एक आणा वरच्या दोन घरांकडे गेला.

येथे दोन गोष्टींची गल्लत करू नये. दारिद्र्य कमी होणे ही एक गोष्ट आणि अंतर कमी होणे ही दुसरी. आपल्या उदाहरणात दारिद्र्य किंचित घटले आणि अंतर वाढले. एखाद्या वाईट सालात याच्या उलटही होऊ शकते : सर्वच घरे खाली येतात, बड्यांचे नुकसान अधिक होते, आणि आण्यांचा हिशेब समतेकडे झुकलेला दिसतो. त्या समतेचा कोणाला आनंद व्हावा असे नाही.

पंडित लोक हाच हिशेब एका आकड्यात मांडतात. इटलीतील संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो जिनी यांनी १९१२ साली एक गुणांक सुचविला. सर्वांना सारखे मिळत असेल तर तो शून्य येतो, आणि सारे एकाच्याच घरी जात असेल तर एकाच्या जवळ जातो. आपल्या गावाचा हा गुणांक पहिल्या मोजणीत ०.३८ आणि दुसऱ्या मोजणीत ०.४६ येतो. वर्तमानपत्रात जिनी गुणांकाचा उल्लेख आला म्हणजे बिचकण्याचे कारण नाही. मात्र ग्रामसभेत आणेच सांगावेत, कारण गुणांक चढला असे ऐकून वाटा कोणाचा घटला हे कोणालाच समजत नाही.

मोजणी कोठे फसते

आकडेमोड ही यातली सोपी बाजू आहे. खरी अडचण ही की, दोन वेळच्या मोजण्या एकमेकींशी तोलता याव्या लागतात.

पहिली फसगत सालाची. १९७२ सारख्या दुष्काळी सालाशी भरल्या सालाची तुलना केली तर वाटेल ते सिद्ध करता येते. कोरडवाहू मुलखात एकाच सालावर विसंबणे धोक्याचे असते. जमल्यास लागोपाठ तीन वर्षांच्या नोंदी घेऊन त्यांची सरासरी धरावी आणि दहा वर्षांनीही तसेच करावे.

दुसरी फसगत भावाची. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे. म्हणून वरील उदाहरण ज्वारीत मांडले. ही जुनी रीत सोपी खरी; परंतु आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या कित्येक शेतांत आता सोयाबीन उभे असते आणि घरी शिधापत्रिकेचा गहू-तांदूळ येतो, तेव्हा एकट्या ज्वारीवर भिस्त ठेवणे बरोबर नाही. धान्य, तेल, डाळ, कापड, औषधपाणी अशा पाच-सात नित्याच्या जिनसांचे त्या त्या वर्षीचे भाव वहीत टिपून ठेवले, तर पुढील कार्यकर्त्याला हिशेब जुळविता येतो. शेतमजुरांसाठी सरकारतर्फे ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध होतो, त्याचाही उपयोग करावा.

तिसरी फसगत अधिक बारीक आहे, आणि ती चांगल्या जाणत्या माणसांनाही चकविते. ती वाटणीची. समजा, गावात तीस एकरांचा एक खातेदार आणि पाच-पाच एकरांचे सहा खातेदार आहेत. मोठ्या घरी तीन भाऊ मिळून पंधरा माणसे, लहान घरी प्रत्येकी पाच. भाऊ वेगळे झाले आणि दहा-दहा एकरांची तीन खाती पडली. कागदावर पाहिले तर पूर्वी मोठा खातेदार लहानाच्या सहापट होता, आता दुप्पटच उरला. केवढी समता आली! वास्तविक लहान खातेदाराला एक गुंठाही अधिक मिळालेला नाही. माणशी हिशेब करून पाहावा : मोठ्या घरी माणशी दोन एकर, लहान घरी माणशी एक एकर. वाटणीपूर्वी हेच होते आणि वाटणीनंतरही हेच आहे. म्हणून खाते न मोजता माणसे मोजावीत, आणि घर फुटले असेल तर वहीत मूळ घराचा क्रमांक लिहून पुढे अ, ब, क अशी फोड दाखवावी.

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. तेथील सरासरी खाते १७७१ मध्ये ४० एकर होते; १८१८ मध्ये ते साडेसतरा एकरांवर आले, आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर. संबंध महाराष्ट्राचे पाहिले तर कृषिगणनेप्रमाणे सरासरी वहितीचे क्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ हेक्टर झाले. एवढ्या घसरणीवरून शेती लहान लहान तुकड्यांत गेली हे निश्चित होते. विषमता वाढली की घटली, हे मात्र यावरून सांगता येत नाही. शिवाय कृषिगणना वहितीचे क्षेत्र असलेल्यांचीच गणती करते. ज्या घराला जमीनच नाही ते तिच्यात येत नाही. खातेदारांपुरता आणेवारीचा हिशेब मांडला आणि भूमिहीन घरे बाहेर ठेवली, तर गाव प्रत्यक्षाहून अधिक सारखे दिसते. आपल्या वहीत शून्य एकरांचे घर शून्य लिहूनच, पण अवश्य लिहावे.

जमिनीचा एकर तरी सर्वत्र सारखा कोठे आहे? घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी कसदार माती, पण खारपाण पट्ट्यात विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. घाटावर चिखली-मेहकरकडे माती कोठे मध्यम, कोठे हलकी. परंतु विहिरीला गोडे पाणी लागले किंवा धरणाचा कालवा शिवारात आला की त्याच एकराचे रूप पालटते. म्हणून क्षेत्रासमोर भिजते की कोरडवाहू, आणि कोरडवाहू असल्यास माती कशी, हे लिहिल्यावाचून एकर-एकरांची तुलना करू नये. कमाल जमीनधारणेच्या कायद्यानेही हा भेद मानलेला आहे : १९७५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे बारमाही भिजणाऱ्या जमिनीची मर्यादा १८ एकर, तर कोरडवाहूची ५४ एकर. आणखी एक सूचना. आठ-अ उतारा त्या गावापुरताच असतो. शेजारच्या शिवारातली जमीन त्यात येत नाही, आणि गावची जमीन धारण करून शहरात राहणाऱ्या मालकाचे घर आपल्या यादीत येत नाही. दोन्ही गोष्टी विचारून लिहाव्या लागतात.

उत्पन्न आणि मत्ता यांचे रकाने वेगळे ठेवावेत. समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेडराजा या तालुक्यांतून गेला; त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. जमिनीच्या मोबदल्याची रक्कम ज्या वर्षी घरी आली त्या वर्षीच्या उत्पन्नात ती धरली, तर ते घर एका वर्षात गावाचे सावकार झालेले दिसेल आणि पुढल्या वर्षी दिवाळे निघालेले दिसेल. तो जमिनीचा पैशात झालेला पालट आहे. पुढे त्या पैशाचे दुसरीकडे शेत झाले, घर झाले, की तो खर्चून गेला, हे मत्तेच्या रकान्यात पाहावे. अशा वेळी त्याच शेतात मजुरीस जाणाऱ्या घराचे कामाचे किती दिवस बुडाले, हेही विचारण्यास विसरू नये. त्याची नोंद कोणत्याही उताऱ्यावर नसते.

तेच घर पुन्हा

आता आपल्या दहा घरांकडे परत येऊ. दोन्ही वेळच्या याद्या आपण चढत्या क्रमाने लावल्या. पण दुसऱ्या यादीत ७ क्विंटलांवर असलेले घर हे पहिल्या यादीत ६ वर असलेलेच घर आहे काय? कदाचित नसेल. ६ वरच्या घरातील मुलगा वाहन चालविण्यास शिकला आणि ते घर २० वर गेले असेल. १३ वरच्या घरात दीर्घ आजार आला, बैलजोडी गेली, आणि ते ७ वर उतरले असेल. पायऱ्या त्याच राहतात. त्यांवर उभी असलेली माणसे बदलतात. आणेवारीचा हिशेब हे सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच घरी पुन्हा पुन्हा जावे लागते.

असे काम आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात झालेले आहे. हैदराबादजवळ पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषिसंशोधन संस्थेने १९७५ साली कोरडवाहू मुलखातील काही गावे निवडली. त्यांत अकोला जिल्ह्याच्या मूर्तिजापूर तालुक्यातील कंझरा हे गाव होते, सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर होते, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील औरेपल्ली होते. प्रत्येक गावी चाळीस घरे घेतली : दहा भूमिहीन मजुरांची, आणि लहान, मध्यम व मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी दहा. अन्वेषक गावातच राहत आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन मजुरी, पीक, देणेघेणे, विक्री यांची नोंद घेत. पहिली फेरी दहा वर्षे चालली, आणि २००१ नंतर हे काम पुन्हा हाती घेतले गेले. कंझऱ्याची माती, कपाशी आणि पाऊस आपल्या ओळखीचे आहेत. तेव्हा ही पाहणी आपणांस परकी वाटू नये.

या गावांच्या आधारे मीड केन या संशोधकाने १९८१ साली एक तुलना प्रसिद्ध केली, ती येथे सांगण्याजोगी आहे. कंझरा, शिरापूर व औरेपल्ली येथील जमिनीचे खरेदी-विक्री व्यवहार त्याने बांगलादेशातील एका गावच्या व्यवहारांशी ताडून पाहिले. तेथे वाईट दिवस आले की लहान शेतकरी अन्नासाठी, औषधासाठी जमीन विकी, आणि ती मोठ्यांकडे जमा होई. दर आपत्तीनंतर अंतर रुंदावत जाई. आपल्याकडच्या गावांत पोटासाठी जमीन फुंकून टाकण्याचे प्रमाण त्या मानाने थोडे होते; विक्री बहुधा विहीर, अवजार अशा उत्पादक कामासाठी होई, आणि एकंदरीत व्यवहारांनी जमिनीची वाटणी अधिक विषम केली नव्हती. दुष्काळातील सार्वजनिक कामे आणि कर्जाची सोय यांनी लहान शेतकऱ्याला तगविले, असे कारण त्याने दिले. आपल्या राज्यात १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे निघाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. बांध-नाल्याच्या हजेरीपटाचा जमिनीच्या मालकीशी काय संबंध, असे कोणास वाटत असेल तर त्याने हा दाखला ध्यानात घ्यावा. मजुराच्या हाताला काम मिळाले, एवढाच तो हिशेब नाही. अल्पभूधारक त्या साली आपली दोन एकरे राखू शकला की नाही, हाही तोच हिशेब आहे.

देशाचे आकडे वाचताना

दिल्लीहून येणारे आकडे परस्परांशी भांडताना दिसतात. सरकारच्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीप्रमाणे ग्रामीण भारताचा जिनी गुणांक २०२२-२३ मध्ये ०.२६६ होता, तो २०२३-२४ मध्ये ०.२३७ वर आला. म्हणजे अंतर घटले. उलट, पॅरिसच्या जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या अभ्यासकांनी असा अंदाज काढला की, २०२२-२३ मध्ये देशातील वरच्या शंभरातील एका माणसाकडे राष्ट्रीय उत्पन्नाचा २२.६ टक्के भाग गेला, आणि हा वाटा १९८० नंतर चढतच आला आहे. खरे कोणते? पहिला आकडा खर्चाचा आहे, दुसरा उत्पन्नाचा. श्रीमंत मनुष्य मिळकतीचा मोठा भाग खर्चीत नाही, तो साठवितो. म्हणून खर्चातले अंतर उत्पन्नातल्या अंतरापेक्षा नेहमी लहान दिसते. शिवाय फार मोठी घरे नमुना पाहणीच्या जाळ्यात सहसा सापडत नाहीत. तेव्हा कोणताही आकडा ऐकला की आधी विचारावे : काय मोजले, कोणाचे मोजले, आणि कोणाला सोडले?

पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांनंतर हाच प्रश्न देशाने विचारला होता. योजनांमुळे वाढलेले उत्पन्न गेले कोणाकडे, हे पाहण्यासाठी ऑक्टोबर १९६० मध्ये प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. ग्रामसभेच्या शेवटच्या रांगेतला प्रश्न आणि त्या समितीपुढचा प्रश्न यांत फरक फक्त आकाराचा आहे.

वहीची व्यवस्था

गाव मोठे असेल तर सर्व घरे घेण्याचे कारण नाही. भूमिहीन, लहान, मध्यम, मोठे अशा चार गटांतून चिठ्ठ्या टाकून प्रत्येकी दहा घरे निवडावीत. ओळखीची किंवा रस्त्यालगतची घरे निवडू नयेत. तेथे चहा मिळतो, पण माहिती एकांगी मिळते. चारही गटांत सारखीच घरे घेतल्यामुळे गावाचे आणे काढताना गटाच्या खऱ्या संख्येप्रमाणे वजन द्यावे लागते. गावात साठ भूमिहीन घरे आणि वीस मोठी घरे असतील, तर निवडलेले एक भूमिहीन घर सहा घरांच्या जागी आणि एक मोठे घर दोन घरांच्या जागी धरावे.

विचारपूस गुढीपाडव्यानंतर करणे सोयीचे पडते. कापूस बव्हंशी विकला गेलेला असतो, सालदाराचे नवे साल ठरलेले असते, आणि पेरणीची घाई सुरू झालेली नसते. उत्पन्न किती, असे एकदम विचारले तर कोणीही खरे सांगत नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. पीक किती झाले, कोठे घातले, कोणत्या कामाला किती दिवस गेलात, शेळ्या किती विकल्या, बाहेरगावी असलेला मुलगा काय पाठवितो, असे तुकड्यातुकड्यांनी विचारावे आणि बेरीज आपण करावी. बायकांच्या मजुरीचे दिवस बायकांनाच विचारावेत. घरचा कर्ता ते हमखास कमी सांगतो. देणे विचारताना बँकेचे आणि हातउसने असे दोन्ही विचारावे.

वहीत घरांची नावे लिहू नयेत, क्रमांक लिहावेत. क्रमांक कोणत्या घराचा, ही यादी निराळ्या कागदावर करून निराळ्या ठिकाणी बंद ठेवावी. सभेत गटांचे आणे वाचून दाखवावेत, घराचा आकडा कधीही नाही. दहा वर्षांत एका गावी तीन-चार कार्यकर्ते येऊन जातात. म्हणून बदली झाली की पदभार सोपविण्याच्या यादीत ही वही, भावांचे टिपण आणि क्रमांकांचा बंद लखोटा या तिहींची स्वतंत्र नोंद करून घेणाऱ्याची सही घ्यावी. पहिल्या मोजणीची वही हरवली, तर दुसरी मोजणी कितीही नेटकी केली तरी ती तुलनेला उपयोगी पडत नाही. ती पुन्हा पहिलीच ठरते.